चिंचेपासून वरल्या अंगाला

सारिकाला नाग चावला तो भर दुपारी, भाताच्या पेंढ्या उचलताना. पेंढीखाली हात घातला आणि "आई गो!" करून तिनं झटकला. तिच्या बापानं, नवशानं, काळा फणा बांधाच्या भगदाडात शिरताना डोळ्यांनी पाहिला. पोरगी सतरा वर्षांची, बारावीची, कॉलेजला सुट्टी म्हणून कापणीला आलेली. नवशाच्या तोंडचं पाणी पळालं.

पाड्यातला दामू म्हणाला, "भगताकडं न्या." नवशानं त्याला अशी शिवी हासडली की इथं सांगता येणार नाही. बायकोच्या, बाईजाच्या, मांडीवर पोरीचं डोकं ठेवलं आणि तो टेपावर, पाड्यामागच्या उंचवट्यावर, पळाला. कातळपाड्याला रेंज मिळते ती तिथंच. पाड्यात मोटारसायकली दोन, त्या दोन्ही कंपनीच्या पाळीवर गेलेल्या. राहिला फोन.

"पत्ता सांगा काका," ॲम्ब्युलन्सच्या फोनवरची मुलगी म्हणाली. आवाज बिचारीचा गोड होता.

"टोकावड्याच्या वर. रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला."

"रस्त्याच्या डाव्या बाजूला की उजव्या?"

नवशा गोंधळला. "बाय, तोंड कुठं करून?"

आता बोला! पण हसू नका. कातळपाड्यात डावा-उजवा हात असतो जेवायला आणि धुवायला. जागा सांगायची तर वरलं अंग, खाललं अंग, उगवती, मावळती. बाईजा नवऱ्याला ताटातलं मीठसुद्धा 'खालल्या अंगाला हाय' म्हणून दाखवते. माणूस कसाही फिरो, डोंगर काही फिरत नाही. शहरातल्या माणसाचं निराळं. तो आपण मधोमध उभा राहतो आणि सगळ्या जगाला डावं-उजवं वाटून देतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण मधल्यामध्ये पोरीचा जीव टांगणीला लागला त्याचं काय?

"लोकेशन पाठवता येईल का काका?"

"बटनांचा फोन हाय गो."

"मग एखादी खूण सांगा. मोठी, रस्त्यावरून दिसेल अशी."

"चिंच!" नवशा ओरडला. "मोठी चिंच. तिथून वरल्या अंगाला वळा, रस्ता थेट पाड्यात येतो."

"बरं. मुलीला चालवू नका, तिचा हात हलू देऊ नका. गाडी निघाली."

तो खाली आला तेव्हा सारिकाच्या पापण्या जड झाल्या होत्या. "बा, मला दोन-दोन दिसतंय," ती म्हणाली. बाईजा रडत होती, बाकीची माणसं गोल करून उभी होती आणि जो तो शहाणपण सांगत होता. नवशा रस्त्याकडं कान लावून बसला.

अर्ध्या-पाऊण तासानं भोंगा ऐकू आला. मावळतीकडून आला, पाड्याच्या खालून गेला आणि उगवतीकडं, घाटाकडं, बारीक होत होत विरला.

"अरे, गेली कुठं ही?" दामू म्हणाला. "चिंचेपाशी वळली कशी नाय?"

आणि नवशा ताडकन उठला. चिंच होती कुठं? रस्ता रुंद केला तेव्हा, दोन पावसाळ्यांमागं, तोडली होती. बुंधासुद्धा उपटून नेला. पण अख्खा पाडा आजही चिंचेपाशीच एसटीतून उतरतो, चिंचेपाशीच पाहुण्याला सोडतो, कंडक्टरही 'चिंच, चिंच' म्हणूनच बेल मारतो. नसलेल्या झाडाचा पत्ता त्यानं परक्या माणसाला दिला होता.

तो उतारानं सुटला. पायातली चप्पल कुठं गेली ते कळलं नाही. डांबरी रस्ता लागताच रेंज आली आणि खिशातला फोन वाजला.

"काका, मी घाटापाशी आलो," ड्रायव्हर वैतागला होता. "दोनदा बघितलं. चिंच कुठाय तुमची?"

"नाय रे बाबा चिंच! तोडली! चुकलं माझं, मागं फिर, मी रस्त्यातच उभा हाय!"

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नवशा डांबराच्या मधोमध उभा राहिला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेत राहिला. "मी मारली तिला," म्हणत राहिला. एका ट्रकवाल्यानं त्याला घाणेरडी शिवी दिली तरी तो हलला नाही. वीस मिनिटं गेली.

गाडी पाड्यात चढली आणि सारिकाला आत आडवं केलं, तेव्हा तिचे डोळे मिटलेलेच होते. सोबतची डॉक्टरीण, रंजिता तिचं नाव, म्हणाली, "काका, बोलत ठेवा तिला."

काय बोलणार? "सारू," तो म्हणाला, "आता कुठं आलो आपण?"

पोरगी मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "उतार... टोकावडं."

"आता?"

"पूल." जीभ जड झाली होती. पण बरोबर होतं, चाकांखाली पूलच होता.

"आता गो?"

उत्तर आलं नाही. रंजितानं पटकन तोंडावर मास्क दाबला आणि फुगा दाबून श्वास द्यायला लागली. नवशानं हंबरडा फोडला.

"रडत बसू नका!" ती त्याच्यावर खेकसली. "विषानं अंग लुळं पडलंय. डोळे उघडता येत नाहीत, बोलता येत नाही, पण तिला सगळं ऐकू येत असेल. बोला!"

मग तो बोलत सुटला. "सारू, आपण खाली चाललोय. मावळतीला तोंड हाय गाडीचं. मी तुझ्या उशाशी. आई पायाशी. मुरबाड आलं बघ, घाबरू नको." अंधारात पडलेल्या लेकराला तो एकेक जागा सांगत राहिला, आणि आता एकही चुकू दिली नाही.

मुरबाडच्या दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार बंद झालं. नवशा दाराला चिकटून बोलतच राहिला. थोड्या वेळानं नर्स बाहेर आली. "इंजेक्शनं चालू आहेत, श्वास मशीनवर आहे. आत्ताच काही सांगता येणार नाही. इथं गोंगाट करू नका."

"बाय, एक सांग," नवशानं हात जोडले. "तिचं डोकं कुठल्या अंगाला ठेवलंय?"

"म्हणजे?"

"मी कुठं हाय ते तिला सांगायचंय. खोटं पडाया नको."

नर्सनं दारातून आत डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "खिडकीकडे. मागच्या भिंतीला."

नवशा अनवाणीच दवाखान्याला वळसा घालून मागं गेला. तिथं गवत होतं, सलाईनच्या रिकाम्या बाटल्या होत्या. खिडकीची काच बंद होती. त्यानं भिंतीला गाल लावला.

"सारू," तो म्हणाला, "मी भायेर हाय. पण उशाशीच हाय गो."