कोरा रकाना

दप्तरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात साहेबांनी भिंतीवर फळा लावला. प्रत्येक मशीनला एक रकाना, आणि तपासणीत नापास झालेल्या दर दप्तरामागे एक लाल ठिपका. पहिल्या दिवशी सगळ्याच बायकांनी नाकं मुरडली. पण महिन्याभरात जी ती येता-जाता आपल्या रकान्याकडे डोकावू लागली.

त्यांत दोघी जावाही होत्या. थोरलीचा रकाना कोरा होता. बाईची मान अशी ताठ झाली की विचारू नका! शेजारणींना न मागता सल्ले, आणि घरी नवऱ्याला वाढतानाही फळ्याचंच पुराण. तपासणीला तिचीच धाकटी जाऊ बसायची.

मग धाकटी तापाने घरी राहिली. तिच्या जागी दुसरी बाई बसली आणि एका दिवसात थोरलीच्या रकान्यात सात ठिपके उमटले.

"त्या बयेने माझ्यावर डूख धरलाय!" संध्याकाळी घरात पाय टाकताच थोरली कडाडली.

धाकटी अंथरुणात उठून बसली. "ताई, तिचं काही चुकलं नाही. तुमची दप्तरं मीच जेवणाच्या सुट्टीत उसवून परत शिवत होते."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"फळा लागला तेव्हा तुम्ही किती घाबरला होतात. मला बघवेना."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर मिरवलेली शाबासकी दुसरीच्या हातची निघाली. रागही आला आणि पोरीची मायाही. दोन्ही एकदम आलं की काय करावं ते कळत नाही. तिने भांडी घासायला घेतली.

सकाळी तिने ती सातही दप्तरं मागून घेतली. सगळ्यांचा टाका डाव्या पट्ट्याच्या वळणावरच सुटला होता. तिथे कापड घाईने ओढायची तिची जुनी खोड. कोरा रकाना बघून हे तिला जन्मात कळलं नसतं. त्या दिवसापासून वळण आलं की ती हात आवरू लागली.

धाकटी कामावर परतली त्या दुपारपर्यंत थोरलीचं एकच दप्तर नापास झालं. धाकटीने ते गुपचूप टेबलाखाली सरकवलं. थोरली मशीन थांबवून उठली, दप्तर काढून वर ठेवलं आणि लाल खडू जावेच्या हातात दिला.

"लाव ठिपका."

"ताई, एकच तर आहे..."

"म्हणून तर लाव. माझा आहे तो."