झेल्मारा माता प्रसन्न

"ही देवी नक्की कुठल्या गावची?" पोपट पेंटरने शिडीवरून खाली न बघता विचारलं. होडीच्या अंगावर 'झेल्मारा माता' लिहून झालं होतं आणि 'प्रसन्न'साठी जागा राखलेली होती.

खाली देवजी, त्याची बायको सुमित्राबाई आणि मुलगा मिथुन उभे होते. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. झेल्मारा ही एका इंग्रजी कादंबरीतली सोळा वर्षांची मुलगी होती. ती समुद्राखालच्या राज्याची राणी होती आणि रागावली की तिचे केस निळे व्हायचे.

"लांबची हाय," सुमित्राबाई म्हणाली.

पोपटचं समाधान झालं. लांबचे देव जास्त लक्ष देतात असा त्याचा अनुभव होता.

मिथुन बेलापूरच्या एका कार्यालयात कंत्राटी कारकून होता. आलेल्या टपालावर एक शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या टपालावर दुसरा. तिशी उलटेपर्यंत त्याने स्पर्धा परीक्षेच्या गाइडखेरीज पुस्तक उघडलं नव्हतं. मग एका साहेबांची मुलगी शिकायला परदेशी गेली आणि तिच्या पुस्तकांचं खोकं साहेबांनी रद्दीत द्यायला मिथुनकडे सोपवलं. रद्दीवाला जेवायला गेला होता. वाट बघता बघता मिथुनने वरचं पुस्तक उघडलं. रद्दीवाला जेवून आला, दुपारची झोप काढली, दुकान बंद करून गेला, तरी मिथुन पायरीवरच. खोकं रिक्षाने दिवाळे गावात, घरी आलं.

इंग्रजी अडलं की तो मोबाइलवर शब्द बघायचा. या पुस्तकांचे नियम मात्र त्याला लवकर कळले. नायिका सोळाची आणि अनाथ पाहिजे, आणि तिच्या अंगावर कुठेतरी एक खूण पाहिजे. मिथुनचे आईबाप धडधाकट होते आणि अंगावरची खूण लशीची होती. म्हणजे जग वाचवायची पाळी आपल्यावर येत नाही, हे त्याला स्पष्ट झालं. इतकं हलकं त्याला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

मग त्याने लेखिका शोधल्या. सगळ्या खिडकीपाशी बसून लिहायच्या, सगळ्यांकडे मांजर असायचं, आणि पुस्तकात त्या मांजराचे आभार मानायच्या. झेल्मारावाली तर आपल्याकडची, बेंगळुरूची निघाली. मिथुन तिच्या प्रत्येक फोटोवर निळं हृदय टाकू लागला.

संध्याकाळी आई मासळी निवडायला बसली की तो शेजारी उलट्या क्रेटवर बसून तिला वाचलेलं सांगायचा. मांजराचे आभार मानतात हे ऐकून सुमित्राबाईला धक्का बसला. मांजराबद्दल तिचं मत धंद्यातून तयार झालं होतं. पण राणी तिला पटली. वाट चुकलेल्या होड्या झेल्मारा भरतीबरोबर घरी पाठवते, हा भाग तिने पुन्हा पुन्हा सांगायला लावला. प्रकरण संपलं की मासळीचे हात पदराला पुसून ती जोडायची. पुस्तकातून कुणी सांगतंय आणि आपण ऐकतोय, म्हणजे ती पोथी. पोथीला हात जोडायचे असतात.

दुसरा भाग चालू असताना देवजीच्या होडीचं इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडलं. फोन लागेना. सुमित्राबाईने झेल्माराला नवस बोलला. देवजी भरतीबरोबर आला. भरती असल्यामुळे आलो, असं तो म्हणाला, पण तोवर होडीचं नाव ठरलं होतं.

"एकवीरा हाय ना घरान. नवी कशाला?" देवजीने विचारलं.

"तिला काम किती हाय. जरा हातभार."

नारळी पौर्णिमेला शेजारच्या बायका झेल्मारा आईला नारळ घेऊन आल्या. बायजाबाईच्या सुनेला दिवस राहिले, त्याचंही श्रेय राणीकडे गेलं. ही नुसती गोष्ट आहे, असं मिथुनने एकदा आईला सांगून पाहिलं. राणी स्वतः अविवाहित आहे, हेही सांगितलं.

"मंग? आपले देव काय पासबुकान लिवलेत?" सुमित्राबाई म्हणाली.

हिवाळ्यात लेखिका पुस्तकांवर सह्या करायला वाशीच्या मॉलमध्ये आली. रांगेत सगळ्या शाळकरी मुली आणि त्यांच्या आया. तुम्ही कुणाबरोबर आलात, असं एका स्वयंसेविकेने मिथुनला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्याने "झेल्माराबरोबर" असं सांगितलं, तेव्हा ती थोडी लांब उभी राहिली. पाळी आल्यावर त्याने टेबलावर मोबाइल ठेवला. फोटोत होडी, हार, नारळ आणि बाजूला हात जोडलेली सुमित्राबाई.

लेखिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोटो मागून घेतला, मिथुनचा हात दोन्ही हातांत धरला. रात्री तो फोटो तिच्या पानावर होता. जगभरच्या मुलींनी रडके चेहरे टाकले. ब्राझीलच्या एका मुलीने सुमित्राबाईला 'क्वीन' म्हटलं. मिथुनने ते आईला वाचून दाखवलं. ब्राझीलला बोंबील मिळतात का, असं तिने विचारलं.

उन्हाळ्यात मिथुनला प्रकाशकाच्या वकिलाचा मेल आला. कादंबरीवर वेब सिरीज येत होती. झेल्मारा हे नाव आता नोंदलेलं होतं आणि व्यापारी वापरातल्या जलवाहनावर ते विनापरवाना लिहिलेलं आढळलं होतं. पुरावा म्हणून लेखिकेच्याच पानावरचा फोटो जोडला होता.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी संघप्रिया म्हणाली, "गप बस. वकील काय होडीत बसून येनारे का?" पण मेलची प्रत होडीच्या परवान्याच्या खिडकीवर आधीच पोचली होती. नूतनीकरणाला देवजी गेला तेव्हा नावाचा वाद मिटवून या, असं त्याला सांगण्यात आलं. परवाना नाही तर होडी पाण्यात नाही.

मिथुनने लेखिकेला लिहिलं. सगळं लिहिलं: नवस, भरती, खिडकी. आठवड्याने उत्तर आलं. तिला खूप वाईट वाटत होतं, पण हे सगळं टीम बघते. पुढे हात जोडल्याचं चित्र होतं आणि एक निळं हृदय.

पावसाळ्यात होडी वर ओढलेली होती. चालत्या होडीचं नाव इथे कुणी पुसत नाही. होडी मोडीत काढायची तेव्हाच ते खरवडतात. ज्या देवजीने नावाला नाक मुरडलं होतं, तोच आता शिडीला टेकून उभा राहिला.

"होरी जिती हाय अजून," तो म्हणाला. एवढंच.

तरी परवान्यासाठी नाव पुसायला पोपटला बोलावलं. त्याने डबा उघडला, नावाकडे पाहिलं आणि ब्रश मिथुनच्या हातात दिला. "साहेब, हे माझ्यानं व्हायचं नाय. देवीवर मी काळा मारनार नाय. तुमची वळख हाय तिच्याशी, तुमी मारा."

मिथुन शिडीवर चढला. ऑफिसातले शिक्के मारावेत तसा त्याने हात चालवला. देवजीने खाडीकडे तोंड केलं आणि सगळं संपेपर्यंत वळला नाही. वकिलाची हरकत नावापुरतीच होती, म्हणून बाकीचं राहू दिलं. होडीवर आता एक काळा चौकोन होता आणि त्याच्यापुढे 'माता प्रसन्न'.

सुमित्राबाई घरातून कुंकवाचा करंडा घेऊन आली. खालून तिचा हात पोचेना, म्हणून देवजीने शिडी धरली आणि ती वर चढली. रंग ओला होता. कुंकू त्यात बुडालं, दिसलंच नाही. तिने दुसऱ्यांदा लावलं.

त्याच आठवड्यात कुरिअर आलं. तिसरा आणि शेवटचा भाग, सही केलेला, पाठवणारी लेखिका. सुमित्राबाई सुके बोंबील निवडत होती. तिने क्रेट पालथं घातलं आणि मिथुनपुढे सरकवलं. तो बसला. पहिलं पान उलटलं. तिथे कोऱ्या पानाच्या मध्यभागी छापलं होतं: 'ज्यांनी माझ्या राणीला होडी दिली, त्या मुंबईजवळच्या कोळ्यांना.'

"काय लिवलाय?" सुमित्राबाईने विचारलं.

"मांजराचे आभार मानलेत."

"यवरी शिकलेली बाय," ती म्हणाली आणि एक तुटका बोंबील बाजूला टाकला. "हां, सांग. मंग काय झाला?"

मिथुनने सांगायला सुरुवात केली. ती किल्ल्यावर एकटी होती. तिचं सैन्य पळून गेलं होतं. तिचे केस निळे होत नव्हते. प्रत्येक वाक्यात जिथे नाव होतं तिथे तो नुसतं 'ती' म्हणत गेला. ती कोण, असं सुमित्राबाईने एकदाही विचारलं नाही. प्रकरण संपल्यावर तिने हात पदराला पुसले आणि पुढची टोपली ओढली.