आधी पट्टी, मग गोळी

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसून मी पाण्याची तिसरी बाटली संपवत होते. लघवी तुंबल्याशिवाय आत घेत नाहीत. शेजारी सासूबाई, त्यांच्या मांडीवर माझी चार वर्षांची चिमणी.

"एवढं काय घाबरायचं?" सासूबाई म्हणाल्या. "तुझी पाळी कधी वेळेवर आलीय? लहरी पाहुणीसारखी, मनात येईल तेव्हा उगवते."

हसायला हवं होतं. चिमणीच्या आधी चार वर्षं हेच चाललं होतं. अंडाशयात बारीक गाठी, हार्मोन्सचा गोंधळ, दोन-दोन महिने पाळीचा पत्ता नाही. डॉक्टरबाईंनी बजावून ठेवलं होतं, उशीर झाला की आधी घरी पट्टीवर तपासायचं, दिवस गेलेले नाहीत याची खात्री करायची, मगच पाळी येण्याची गोळी.

या वेळी मी तपासलंच नाही. पट्टीवर 'नाही' सांगणारी ती एकटी रेघ बघून बघून जीव विटला होता. सरळ पाच दिवस गोळ्या घेतल्या. त्यानंतर आठवड्याभरात पाळी यायला हवी होती. आज पंधरावा दिवस. परवा चहाच्या वासानं मळमळलं आणि तेव्हापासून डोक्यात एकच: पोटात कुणी असेल, आणि मी त्यालाच गोळ्या चारल्या असतील तर?

"आई, मी तपासलं नव्हतं," शेवटी बोलून टाकलं. "गोळ्या तशाच घेतल्या."

सासूबाई चिमणीच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. "शिकलेली ना गं तू," एवढंच म्हणाल्या.

"आजी, आईला शू लागलीय," चिमणीनं सगळ्या बाकाला कळवलं.

आत पोटावर थंडगार जेल. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत होत्या, मी त्यांच्या भुवयांकडे.

"गर्भ नाही. लघवीच्या तपासणीतही नाहीच आलंय. त्याच जुन्या गाठी आहेत, दोन्हीकडे. औषध बदलू."

सुटले. माझ्या हातून कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बाथरूमची कडी लावली, आणि तेव्हा कळलं की परवापासून मी महिनेही मोजत होते. चिमणीचे लोकरीचे इवलेसे मोजे कुठल्या पिशवीत आहेत, तेही आठवून ठेवलं होतं.

बाहेर आले. सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला.

"पुढच्या वेळी आधी पट्टी, मग गोळी," त्या म्हणाल्या. "मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहीन."

पुढच्या वेळी. मी चिमणीची चप्पल शोधायला बाकाखाली वाकले.