विहिरीत अप्पा होते

धरणात गाव गेलं आणि त्याच्या बदल्यात अनुजाच्या घराला नेसरीजवळच्या माळावर दोन एकर जमीन मिळाली. जमीन म्हणजे कमरेएवढं गवत, मुरूम आणि वारा. दिवाळीनंतर आई, अप्पा आणि ती अशी तिघं तिथं राहायला आली. पत्र्याची शेड उभी केली, पाण्यासाठी विहीर काढायला घेतली. शेजार म्हणाल तर धोंडुबाईचं एक घर, तेही हाकेच्या पलीकडं.

अनुजा सोळा वर्षांची. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून घरं होती. इथं चारी बाजूंनी नुसतं गवत हलायचं. तिला माळाची भीती वाटायची, पण तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आई बाजाराला गेली होती. विहीर चाळीस फूट खाली गेली होती. दगड वर ओढायच्या यारीचा पट्टा तुटला, म्हणून यारीवाला कृष्णात मोटरसायकलवरून नवा आणायला गेला. अप्पा खालीच दगड फोडत राहिले. वर यायला खांबाला बांधलेली दोराची शिडी होती, पण त्यांचा गुडघा दुखरा. चढायला फार वेळ लागायचा.

अनुजा काठावर बसली होती. आधी वास आला, मग पश्चिमेला तपकिरी धूर दिसला. एक ससा तिच्या पायाजवळून पळाला, तिच्याकडं न बघता. धुराखाली लाल रेघ होती, आणि वारा तिकडूनच येत होता.

"अप्पा, वणवा लागलाय."

खालचा घणाचा आवाज थांबला. "कुठवर आलाय?"

"ओढ्याच्या अल्याड."

"मग तू पळ. रस्त्याकडं जा."

"आणि तुमी?"

"मी चढतोय की. तू पळ म्हणतोय न्हवं."

ती पळाली. वीसेक पावलं गेली असेल, मागं वळून बघितलं. शिडीचा दोर ताणून हलत होता, अगदी सावकाश. काथ्याचा दोर. शेजारी यारीचं इंजिन, त्याला टेकून डिझेलचा कॅन. ती परत फिरली.

विहिरीभोवती उपसलेल्या मुरमाची पाच-सहा पावलं मोकळी जागा होती. एवढ्या उंच गवताच्या आगीला ती पुरणार नव्हती. जुन्या गावी अप्पा गवताच्या गंजीभोवती दरवर्षी पट्टा जाळून घ्यायचे, म्हणजे बाहेरची आग तिथवर येऊन थांबायची. ती लांबून बघायची. स्वतः कधी काडी ओढली नव्हती.

तिनं डिझेलचा कॅन मुरमाच्या ढिगाऱ्यामागं ओढत नेला. कळशीतलं पाणी दोरावर आणि खांबावर ओतलं, सगळं. अप्पांनी काठावर काढून ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशात काडेपेटी होती. दोन काड्या हातातच मोडल्या. तिसरी पेटली.

मुरमाच्या पश्चिम कडेला तिनं गवत पेटवलं. वाऱ्यानं ज्वाळा तिच्याच अंगावर आल्या आणि मुरमावर येऊन विझल्या. दुसरीकडं आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकत गवत खाऊ लागली, तिला हवं होतं तसं. पण दोन्ही बाजूंनी जाळ मुरमाला वळसा घालून पुढं गेला. पुढं शेड होती. आत बियाणं, कपडे, आईचं शिलाई मशीन.

एक बाजू झोडपून विझवता आली असती कदाचित. अप्पा अजून अर्ध्यावर होते. ती काठाशी पालथी पडली.

"अप्पा, बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"कायबी. आवाज येऊ द्या नुसता."

"येतोय," ते म्हणाले. खोकले. "येतोय गं."

मग मोठी आग आली. भरलेल्या उसाच्या ट्रकांची रांग जवळून जावी तसा तिचा आवाज होता. अनुजानं डोळे गच्च मिटले, ओढणी तोंडावर दाबली आणि तिच्याआडून अप्पांना हाका मारत राहिली. भुवया करपल्याचा वास आला. आग जळलेल्या पट्ट्यापाशी फुटली, दोन्ही अंगांनी निघून गेली. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. डोळे उघडले तेव्हा काठावर अप्पांचा हात होता. तिनं मनगट धरलं. ते वर येऊन बसले तरी तिला ते सोडता येईना.

शेडचे पत्रे वाकले होते. आतून धूर निघत होता.

"शेड माझ्यामुळं गेली," ती म्हणाली. "मीच पेटीवलं."

अप्पांनी काळ्या पट्ट्याकडं बघितलं, ओल्या दोराकडं बघितलं. "वणव्यानं तिला सोडलं असतं व्हय?" त्यांनी तोंडावरची काजळी पुसली. "खाली धुरात काय दिसत न्हवतं, अनू. कुठं चढतोय तेबी कळत न्हवतं. तुझा आवाज तेवढा येत हुता."

धोंडुबाई घागर घेऊन धापा टाकत आली. काही न विचारता तिनं दोघांना पाणी पाजलं. संध्याकाळी आई काळ्या माळावरून पळत आली. पिशवी कुठं पडली ते तिलाही माहीत नव्हतं. पुढं दोन महिने तिघं धोंडुबाईच्या घरी राहिली. त्या दिवसांत अनुजाला चूल पेटवायला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी गवत वाळलं, तेव्हा नव्या शेडभोवती पट्टा जाळायचा होता. अप्पांनी काडेपेटी तिच्यापुढं धरली.

"भ्या वाटतंय," ती म्हणाली.

"मलाबी."

तिनं काडी ओढली. अप्पा ओला डहाळा घेऊन तिच्या शेजारीच उभे राहिले.