तीन मिलिमीटरचा मान

उद्धवरावांच्या जुन्या जीपचा मॅनिफोल्ड तडकला. मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे धाडणारा नळ्यांचा पंजा. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी निकाल दिला: रविवारी जीप कासारवाडीहून रावेतला लेकीकडे स्वतःच्या चाकांवर पोचली तर राहील, नाहीतर सोमवारी भंगारवाला.

उद्धवरावांचं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं घडवण्यात गेलेलं. पंजा घरीच बनवायचा ठरला. नळीची जाडी त्यांच्या मते दीड मिलिमीटर पुरेशी.

"दीड?" शेजारचे दौलतराव ओरडले. "दीडची तर आमच्या घरची ताटं आहेत, राव! तीन घ्या."

दौलतराव बॉयलर विभागातून निवृत्त झालेले. बॉयलर फुटला तर चौकशी लागते, जाड निघाला तर कुणी काही विचारत नाही, एवढं ते नोकरीत शिकले होते. त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत ते क्रेनच्या तारेवर. तीनची नळी त्यांनी स्वतः भोसरीहून खांद्यावरून आणली. शिवाय जीप उभी असायची ती त्यांच्याच पार्किंगमध्ये. त्यामुळे उद्धवरावांना तीनचं शास्त्र लगेच पटलं.

पंजा झाला देखणा. पण नट आवळायला गेले, तर नळ्या इतक्या पोसलेल्या की मधे पाना शिरेना.

शनिवारी दौलतराव लग्नाला तळेगावला गेले. उद्धवरावांनी तेवढ्यात दीडचा दुसरा पंजा जोडला, बसवला, आणि त्यावर उष्णता अडवणारी पट्टी भरपूर गुंडाळली. हात मोडलेल्या माणसाच्या प्लास्टरसारखा तो दिसू लागला.

रविवारी निघण्यापूर्वी दौलतरावांनी त्यावर थाप मारली. "बघा! तीनचा भारदस्तपणा वेगळाच."

"वेगळाच," उद्धवराव म्हणाले.

जीप निघाली. दौलतराव पुढे बसले आणि प्रत्येक सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याला जाडी सांगत राहिले. यशोदाबाई मागे बसल्या होत्या. रावेतची कमान दिसली तेव्हा उद्धवरावांनी श्वास सोडला. जीप वाचली होती.

लेकीच्या दारात पोचताच जावई धनेशने बॉनेट उघडलं. हा चाकणला सायलेन्सरच्याच कंपनीत. टोकाला पट्टी जरा सुटली होती, तिथे त्याची नजर गेली.

"पप्पा, ही तर..."

उद्धवराव त्याच्याकडे बघत राहिले. यशोदाबाईसुद्धा. गुंडाळताना पट्टीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

धनेशने सुटलेली पट्टी अंगठ्याने दाबून बसवली. "ही तर तीनच्याही वर वाटते. सव्वातीन?"

दौलतराव फुलले. "जावई हुशार आहे हो तुमचा! उद्धवराव, जीप राहू द्या माझ्याच जागेत, कायमची. आणि आता सायलेन्सर करू. पाचचा!"

"पाचचाच," उद्धवराव म्हणाले. यशोदाबाई पट्टी किती उरली आहे ते आठवू लागल्या.