थांबलेला आकडा

रंगांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘कुलूपवाला’ म्हणत. कुठल्या मशीनवर इंटरनेट चालू ठेवायचं आणि कुठे बंद, हे त्याच्या हातात होतं. ऑफिसला थोडी तरी मोकळीक होती. कंट्रोल रूमला मात्र साफ बंदी, आत मोबाइलसुद्धा न्यायचा नाही. रसायन शिजवणारी मोठी बंद टाकी तिथल्याच दोन कॉम्प्युटरांवर चालायची.

त्या सकाळी त्याचे दाजी टेबलापाशी आले. ते कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. ताईचं पोटाचं ऑपरेशन अकराला होतं आणि बदली माणूस नसल्यामुळे त्यांना रजा मिळाली नव्हती. लेक हॉस्पिटलातून मेसेज पाठवील, तेवढ्यापुरतं नेट उघड, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. त्याने आधी नाहीच म्हटलं. पण ताई त्याचीही होतीच. त्याने कंट्रोल रूममधल्या एका कॉम्प्युटरची बंदी उठवली.

साडेबाराला तो कंट्रोल रूममध्ये डोकावला. मेसेज अजून आला नव्हता. टाकीचं तापमान ब्याऐंशी, म्हणजे हवं तेवढंच. निघता निघता त्याचं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. बारा वाजून चार मिनिटं. सेकंद हलत नव्हते.

तो परत आत वळला.

“दाजी, हा आकडा कधीचा आहे?”

दाजींनी माउस हलवला. बाण जागचा हलेना. दुसऱ्या कॉम्प्युटरचीही तीच गत.

दोघे जिना उतरून टाकीकडे धावले. टाकीवरच्या तापमानाच्या तबकडीचा काटा एकशे एकोणीसवर होता आणि वर सरकत होता. एकशे पंचवीसच्या पुढे झाकण टिकत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. भिंतीपलीकडे चार बायका रंगाचे डबे भरत होत्या. तो पलीकडच्या दारात धावला. बाहेर जा म्हणून त्याने जोरजोरात हात हलवले. त्याचा चेहरा बघूनच त्या पळाल्या.

टाकी गार करणारं पाणी हाताने सोडायचं चाक घट्ट बसलं होतं. दोघांनी अंगाचा भार टाकला. तळहात सोलले, तेव्हा कुठे ते फिरलं. काटा एकशे तेवीसवर अडला. मग किती वेळ तरी तिथेच राहिला. शेवटी उतरला.

दाजी जमिनीवर बसले. “मी मागितलं होतं. माझं नाव सांग.”

“उघडलं मी,” तो म्हणाला.

मॅनेजरला त्याने स्वतःच जाऊन सगळं सांगितलं. त्या उघड्या वाटेने व्हायरस आत शिरून दोन्ही मशीन गोठली होती. त्याला महिनाभर घरी बसवलं, दाजींना लेखी ताकीद मिळाली. ताई सुखरूप असल्याचं त्याच संध्याकाळी गेटबाहेर कळलं.

तो परत कामावर आला, तेव्हा घरच्या निरोपांसाठी कंट्रोल रूममध्ये साधा टेलिफोन बसवलेला होता. तो पहिल्यांदा वाजला, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी आधी टाकीच्या आकड्याकडे पाहिलं. रिसीव्हर उचलायला कुणाचाच हात पुढे होईना.