फोटोवर फिरणारी पुठ्ठ्याची चौकट

मी एक जुनी पुठ्ठ्याची चौकट आहे. पण मित्रांनो, चौकट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे येईल तसं माझं काहीच नाही. मला काच नाही, खिळा नाही, भिंतीवर मानाची जागा नाही. मी म्हणजे काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन. ते फोटोवर समोरासमोर ठेवले की मी चौकट होते आणि उचलले की पुन्हा दोन तुकडे. तरीही मी स्वतःला 'मी'च म्हणते. आमच्या दोघांत भांडण नाही, एवढं यावरून समजून घ्या.

माझा जन्म मारेगावातल्या एका लहानशा फोटो स्टुडिओत झाला. स्टुडिओचे मालक होते बाबाराव. त्यांच्याकडे अल्बमचं एक जाड काळं पान उरलं होतं. ते त्यांनी काचेवर ठेवलं, वर पोलादी पट्टी दाबली आणि नव्या ब्लेडने मला कापून काढलं. कापताना दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं नाही, गुदगुल्या झाल्या. कडा झिजू नयेत म्हणून बाबारावांनी त्यांवर कापडी पट्टी चिकटवली आणि मी कामाला लागले.

तेव्हा कॅमेऱ्यात रीळ असे. फोटो मोठा करण्याआधी बाबाराव त्याची लहान प्रत काढत, तिच्यावर मला ठेवत आणि माझे दोन्ही हात पुढेमागे सरकवत. कुठे कापायचं ते ठरलं की लाल पेन्सिलीने खूण करत. लग्नाच्या फोटोंत माझी फार गरज पडे. कडेने घुसलेला कुणाचा तरी कोपर, नवरीच्या बाजूला उभी असलेली पाण्याची टाकी, मागे जेवत बसलेले पाहुणे, सगळं मी हळूच बाहेर काढत असे. या तालुक्यातल्या कितीतरी मामांचे कोपर माझ्यामुळे अल्बमबाहेर राहिले. त्या मामांनी मला क्षमा करावी.

पण माझा खरा मान रविवारी असे. त्या दिवशी गावातले हौशी लोक आपापले फोटो घेऊन यायचे. कुणी पोस्टात होतं, कुणी शाळेत शिकवायचं, कुणाचं किराणा दुकान. सगळे बाकावर दाटीवाटीने बसत आणि एकेक फोटो मधोमध ठेवला जाई. बाबारावांची एक रीत होती. फोटोवर मला ठेवण्याआधी ते काढणाऱ्याला विचारत, "काय पाहून बटन दाबलं?" त्याचं उत्तर आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मग फोटोत चांगलं काय आहे ते सांगायचं आणि शेवटी सुधारायची एकच गोष्ट. दहा चुका दिसल्या तरी एकच. माणूस एका वेळी एकच गोष्ट घरी नेऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

एकदा पोस्टातल्या कपिलने कापसाच्या गाड्यांचा फोटो आणला. अर्ध्याहून जास्त फोटो नुसतं आभाळ. इंद्रजीत नावाचा एक तरुण त्या मंडळीत फार फटकळ होता. तो म्हणाला, "फेकून दे बे हा."

"फेकाले कारन लागते," बाबाराव म्हणाले. "कारन सांग."

इंद्रजीत फोटो पुन्हा न्याहाळू लागला. मग बाबारावांनी कपिलला आपला नेहमीचा प्रश्न विचारला. कपिल म्हणाला, "बैलायचे पाय पाह्यले जी. गाळात कसे रुतून राह्यलते." बाबारावांनी माझा वरचा हात खाली आणला. आभाळ गेलं, गाड्या पुढे आल्या आणि चिखलातले बैलांचे पाय सगळ्यांना दिसले. कपिल आपल्याच फोटोकडे पाहत राहिला. तो आनंद मी जवळून पाहिला आहे, म्हणून मला माझ्या कामाचा गर्व होता. अजूनही आहे, लपवत नाही.

पुढे बाबाराव वारले. स्टुडिओ त्यांचा मुलगा धम्मरत्न पाहू लागला. रीळ गेलं, कॉम्प्युटर आला. माऊस ओढला की फोटो हवा तसा कापता येऊ लागला, तिथे पुठ्ठ्याला कोण विचारतो? मी आधी काउंटरच्या खणात गेले. नंतर प्रिंटरचा एक पाय लटपटतो म्हणून माझा एक काटकोन त्याच्याखाली गेला. दुसऱ्याने धम्मरत्नची बायको साधना वीज गेली की वारा घेऊ लागली. मित्रांनो, चौकटीच्या नशिबी पंखा होणं आलं. काय बोलणार!

रविवारची बैठकही बंद पडली. तिच्या जागी मोबाइलवर एक ग्रुप झाला. त्यावर दिवसभर फोटो पडत आणि प्रत्येकाखाली अंगठे, फुलं आणि 'मस्त', 'झकास', 'एक नंबर' यांचा पाऊस. त्यात धम्मरत्न सगळ्यांच्या पुढे. माणूस स्वभावाने लोण्यासारखा मऊ. कुणाला वाईट वाटेल असं बोलणं त्याच्या जिवावर येई. तो ते मोठ्याने वाचे, त्यामुळे मला प्रिंटरखालून सगळं ऐकू येत होतं आणि चीड येत होती. पण पुठ्ठ्याची चीड कुणाला कळते?

अशात एक दिवस शीला दुकानात आली. जवळच्या बंजारा तांड्यावरची ही मुलगी मारेगावात ब्लाउज शिवण्याचं दुकान चालवत होती आणि हौस म्हणून मोबाइलवर फोटो काढत होती.

"जय भीम, भाऊ," ती म्हणाली.

"जय सेवालाल, बाई. बसा," धम्मरत्न म्हणाला.

शीलाने छापून घेतलेले फोटो काउंटरवर मांडले. सगळे तिच्या आईचे. आईला ती याडी म्हणे, तांड्यावर सगळेच तसं म्हणतात. सुखीबाई तिचं नाव. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे चोळी, केसांना बांधलेली चांदी आणि डोक्यावरून पाठीवर सोडलेली आरशांची जड ओढणी असा जुना पेहराव रोज करणारी त्यांच्या तांड्यावर ती एकटीच उरली होती.

"भाऊ, याडीची मान धरून राह्यली," शीला सांगू लागली. "डॉक्टर म्हनते, डोक्यावरचं वजन उतरवा. याडी म्हनते, या कपड्यातला एक फोटो नीट निघू दे, मंग लुगडं नेसीन. महिना झाला, मी काढूनच राह्यली. ग्रुपवर सगळे मस्त म्हनते. याडी फोटो पाह्यते अन् म्हनते, हे मी नाही. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वजन डोक्यावर घेते."

धम्मरत्नने फोटो पाहिले. निळ्या भिंतीपुढे सुखीबाई ताठ उभी होती. चेहरा ओढणीच्या सावलीत काळवंडला होता आणि आरशांच्या जागी पांढरे डाग पडले होते. त्याला चूक दिसली नसेल असं नाही, बाबारावांचा मुलगा तो. पण सवय वाईट असते.

"मस्त तं हायेत बाई," तो म्हणाला.

शीलाचा चेहरा पडला. ती फोटो गोळा करू लागली. तेव्हा आतून साधना आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही सगळ्यायलेच मस्त म्हनता," ती नवऱ्याला म्हणाली. "मंग त्या मावशीनं आनखी किती दिवस ते वजन वागवावं?"

आणि तिने खाली वाकून मला प्रिंटरखालून ओढलं. प्रिंटर एका बाजूला कलला. दुसरा काटकोन तिच्या हातात होताच. दोन्ही तिने धम्मरत्नपुढे ठेवले.

"बाबा असते तं काय केलं असतं?"

धम्मरत्नने माझ्यावरची धूळ फुंकली. त्याने मला दोन्ही हातांत घट्ट धरलं. खरं सांगितलं आणि शीलाला राग आला तर, ही भीती त्याच्या बोटांतून मला कळत होती. शेवटी त्याने वडिलांचाच प्रश्न विचारला.

"बाई, काय पाहून बटन दाबलं?"

शीला गोंधळली. आजवर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग ती हळूहळू बोलू लागली. "मले ते आरशे पाह्यजे होते भाऊ. लहानपनी मी याडीच्या मांडीवर झोपो. तिनं मान हालवली का आरशायचा उजेड भितीवर नाचे. मले वाटे, घरात चांदन्या आल्या. तेच पाह्यजे होतं मले."

"मंग आता ऐका," धम्मरत्न म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तुम्ही मावशीले जबरदस्तीनं हासाले नाही लावलं, हे लय चांगलं केलं. चेहरा खरा हाये. पन तुम्ही फ्लॅश मारला. आरशात तोच उजेड भरला अन् सारे पांढरे ठिपके झाले. जे तुमाले पाह्यजे होतं, तेच फ्लॅशनं खाल्लं."

शीला एकटक फोटोकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "महिनाभर मी तिले ते वजन घेऊन उभी केली, अन् कोनी एकानं बी नाही सांगतलं," ती म्हणाली. धम्मरत्नने मान खाली घातली.

मग तो बाकीचे फोटो चाळू लागला. गठ्ठ्याच्या तळाशी एक फोटो निघाला. "तो बिघडला भाऊ, चुकून दाबल्या गेला," शीला म्हणाली. फोटो तिरपा होता. अर्ध्या जागेत तिचा भाऊ शाम याची मोटरसायकल उभी होती, खाली बादली होती. पण एका कडेला सुखीबाई उंबरठ्यावर बसून ओढणीचा निसटलेला आरसा टाकत होती, म्हणजे सुईदोऱ्याने परत बसवत होती. फ्लॅश नव्हता. दारातून आलेलं ऊन आरशांवर पडलं होतं आणि तिच्या गालावर उजेडाचे दोन लहान कवडसे होते.

धम्मरत्नने मला त्या फोटोवर ठेवलं. इतक्या वर्षांनी! माझा एक हात सरकला, मोटरसायकल गेली. दुसरा सरकला, बादली गेली. सुखीबाई मोठी होऊ लागली. धम्मरत्नला जोर चढला. तो मला आत आत नेऊ लागला, आता नुसता चेहरा उरेल असं वाटलं. तेवढ्यात शीलाने माझ्यावर बोट ठेवलं आणि मला मागे ढकललं.

"हात राहू द्या भाऊ. गोंदन दिसते तिचं."

बाबारावांच्या काळातही मला असं कुणी ढकललं नव्हतं. मला मुळीच राग आला नाही. फोटो तिचा, आई तिची. किती ठेवायचं हे तिला माझ्याहून जास्त कळणार.

"बरोबर," धम्मरत्न म्हणाला. "पन हा फोटो एवढा कापून मोठा केला तं फुटते. मी पुठ्ठ्यानं जेवढं कापलं, तेवढं तुम्ही पायानं चाला. जवळ जा. फ्लॅश बंद करा. सकाळचं ऊन दारात आलं का मावशीले तिथं बसवा, अन् काम करू द्या, अन् मोबाइल थोडा खाली..."

साधना खोकली. धम्मरत्न थांबला.

"एकच सांगतो," तो म्हणाला. "फ्लॅश बंद करा अन् जवळ जा."

"ह्या दोन झाल्या," साधना म्हणाली, आणि शीला पहिल्यांदा हसली.

त्यानंतर शीला लगेच काही आली नाही. धम्मरत्न दाराकडे पाहत राही. तिला बोलणं लागलं असेल का, असं दोनदा त्याने साधनाला विचारलं. मी आता काउंटरवरच होते, त्यामुळे काळजीत मीही सामील होते.

मग एका दुपारी शीला आली. तिच्यामागे, मान एका बाजूला धरून, सावकाश पावलं टाकत सुखीबाई आली. दुकानात शिरतानाच तिच्या ओढणीचे आरसे किणकिणले. शीलाने मोबाइल दिला, धम्मरत्नने फोटो छापला आणि तो थेट सुखीबाईच्या हातात ठेवला.

तिने तो लांब धरला, मग जवळ घेतला. उंबरठा, ओढणी, गोंदलेला हात, सुई, आणि तोंडावर व मागच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके. शीलाने आईच्या ओढणीचा काठ मुठीत घट्ट धरला होता. धम्मरत्नला राहवेना, म्हणून तो हळूच म्हणाला, "लय चांगला झाला बाई. फक्त कोपऱ्यात बादलीची कडी राह्यली."

"बादली माहीच हाये," सुखीबाई फोटोवरची नजर न काढता म्हणाली. "राहू दे तिले."

मग तिने मुलीकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "हे मी हाये."

शीला तिथेच रडू लागली. सुखीबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि साधनाला विचारलं, "बाई, घरात लुगडं हाये का एखादं?"

साधना तिला आत घेऊन गेली. बऱ्याच वेळाने सुखीबाई बाहेर आली ती साधनाच्या हिरव्या सुती लुगड्यात. तिने मान आधी डावीकडे वळवून पाहिली, मग उजवीकडे. तिच्या हातात फेटिया आणि ओढणीची घडी होती, वर चांदी ठेवलेली. ती घडी तिने क्षणभर टेकवली ती नेमकी माझ्यावर.

मित्रांनो, मी जन्मभर फोटोंवर फिरले. फोटोला वजन नसतं. त्या दिवशी त्या घडीखाली मी वाकले, माझा एक कोपरा दुमडला, तो आजही सरळ होत नाही. म्हणून तुम्हाला विनवते. कुणी मोठ्या आशेने तुमच्यापुढे आपला फोटो ठेवला, तर त्याचा पाणउतारा करू नका. पण नुसतं 'मस्त' म्हणून पुढेही जाऊ नका. थोडं थांबा, त्याने काय पाहिलं ते विचारा आणि नीट बघून खरं तेच प्रेमाने सांगा. 'मस्त' म्हणायला आपल्याला काहीच मोजावं लागत नाही. पण तेवढ्यापायी सुखीबाई महिनाभर ते सगळं मानेवर वागवत होती.